मामांचं मलकापूर

तोलाईवाले मामा हुतुतू बघायला यायचे असं कोणी म्हणालं तर मी आजही त्याच्याशी भांडतो. बघायला लोक यायचे. मामा रेघेच्या बाहेर बसून खेळायचे. आमचा गडी दम घेऊन समोरच्यांच्या हद्दीत शिरला की इकडे मामा तोंड मिटून श्वास रोखायचे, आणि तो मधली रेघ ओलांडून परत येईपर्यंत सोडायचे नाहीत. गडी चिवट असला तर आधी मामांचे कान लाल व्हायचे, मग गाल, मग गळ्याच्या शिरा सुतळीसारख्या उभ्या राहायच्या. शेजारच्यांना सवय होती. कोणीतरी पाठीवर थाप मारून म्हणायचं, "मामा, सोडा. आला तो." मग मामा पाण्यातून वर आलेल्या म्हशीसारखा फुसकारा सोडायचे.

एकदा नांदुऱ्याशी सामना होता. आमचा हिरामण म्हणजे बुटका, वाटोळा, जमिनीला चिकटलेला गडी. तो तिकडच्या कोपऱ्यात सापडला. चौघे त्याच्या अंगावर. पण पठ्ठ्या दम सोडेना, आणि बोटाबोटाने रेघेकडे सरकत राहिला. सगळं मैदान हिरामणकडे बघतंय आणि इकडे मामा बाकावरून धप्पकन खाली. पंचांनी खेळ थांबवला. तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले तर पहिला शब्द, "आला का?"

"आला, मामा."

"मग ठीक," म्हणाले, आणि टोपी झटकून परत बाकावर बसले.

बरं, हे नुसतं बघताना नव्हतं. ऐकतानाही तेच. एकदा ताप आला म्हणून ते सामन्याला आले नाहीत, तर मी घरी येऊन त्यांना सगळं सांगत होतो. मला गोष्ट रंगवून सांगायची खोड. "मी दम घेतला, आत शिरलो, डावीकडे बघितलं," असं म्हटल्याबरोबर मामांचा श्वास बंद. मी आपला उजवीकडे काय दिसलं ते सांगतोय, समोरचा गडी कसा काळा होता ते सांगतोय. मामी चुलीपासून म्हणाल्या, "अरे मेल्या, परत आण ना लवकर त्या चढाईवाल्याला. तुझी गोष्ट होईल आणि माझं कुंकू जाईल."

मी बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात त्यांच्याच घरात मागच्या खोलीत आईबरोबर भाड्याने राहत होतो, आणि दिवसा कापूस मंडीत त्यांच्याच काट्याखाली हमाली करत होतो. माझी शाळा तिसरीत सुटली. मास्तरने कान पिळला, मी मास्तरचा हात धरला, संपलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वीस-बावीसचा असताना माझ्यासारखा चढाई करणारा पोऱ्या तापीच्या दोन्ही काठांना नव्हता. हे मी म्हणत नाही, मामा म्हणायचे. माझ्या तोंडावर नाही हं. मामींना म्हणायचे. भिंत पातळ होती.

मामांचं नाव मी सांगणार नाही. मंडीत कोणी घेत नव्हतं, मी कशाला घेऊ. पोट मोठं, पाय काड्यांसारखे, आणि आवाज असा की काट्यावर ते आकडा पुकारायचे तो शेवटच्या गाडीच्या बैलाला ऐकू जायचा. आता मंडीतली रीत अशी, की तोलताना पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. सगळेच तोलाईवाले असं मोजायचे, पण ते मंडीपुरतं. मामांचं घरी आल्यावरही तेच. पाव्हणे आले की पोरांची ओळख करून द्यायचे, "ही लाभ, हा दोन, ही तीन." थोरली लाभ लग्न होऊन सासरी गेली तर दोन महिने मामांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. म्हणायचे, "आता आपल्या घराची मोजणी दोनपासून सुरू होते. हे काही बरं लक्षण नाही." आणि मैदानात आम्ही समोरचा पहिला गडी मारला की मामांची हाक उठायची, "ला...भ." मागून सगळे बऱ्हाणपूरवाले, "ला...भ." समोरच्या संघाला वाटायचं हा काहीतरी मंत्र आहे. घाबरायचे.

तापीचं तर विचारूच नका. सामन्याच्या आदल्या दिवशी राजघाटावर अंघोळीला गेलो आणि कोणी उद्याचे डावपेच बोलायला लागला, तर मामा त्याच्या तोंडावर ओला हात ठेवायचे.

"चूप. ही खाली चांगदेवला जाते. तिथे तिला पूर्णा भेटते. पूर्णा वऱ्हाडची. दोघी बहिणी भेटल्यावर काय बोलत असतील, सांग."

हिरामण म्हणाला, "पण मामा, पूर्णा तर वऱ्हाडातून खाली येते. बातमी उलटी वर कशी जाणार?"

"तुझं लग्न झालंय का?"

"नाही."

"मग तुला बातमी कशी चालते ते काय माहीत," मामा म्हणाले आणि बुडी मारली.

आता खेळाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेव्हा आमचा संघ वऱ्हाडच्या साखळीत खेळायचा. मलकापूर, नांदुरा, खामगाव आणि आम्ही. कापसाचा हंगाम उतरला की सामने सुरू. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. आणि तिकडचा नियम संजीवनीचा. म्हणजे आमचा गडी मेला तर तो बाहेर जाऊन बसतो. पण आम्ही समोरचा एक मारला की आमचा एक मेलेला उठून परत आत येतो. तो उठला की लोक ओरडतात, "उठला!" मामा सगळ्यांच्या आधी ओरडायचे. त्यांना समोरचा मरण्यापेक्षा आपला उठण्यात जास्त गोडी होती. मला म्हणायचे, "भाच्या, सगळ्या दुनियेत हा एकच धंदा आहे जिथे मेलेला माणूस दुसऱ्याच्या मेहनतीने उठतो. बाकी सगळीकडे जिवंत माणूस दुसऱ्याच्या मेहनतीने झोपतो."

माझा सगळा खेळ त्या संजीवनीवर होता. मी आत घुसायचो ते मरायच्याच तयारीने. दोघांना घेऊन मरायचो, हिरामण कोणाचातरी घोटा धरायचा, मी उठायचो, परत घुसायचो. मामी जेवताना विचारायच्या, "आज किती वेळा मेलास रे?"

"पाच वेळा, मामी."

"बस? मागल्या वेळी सात वेळा मेला होतास. अंगात बरं नाही का?"

आणि मग छप्पन साली राज्यं नव्याने आखली.

त्या गोष्टी मोठ्या लोकांच्या. आमची राजधानी नागपूर होती, ती भोपाळ झाली. वऱ्हाड मुंबईकडे गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशातच राहिलो. मंडीत कोणाला काही फरक पडला नाही. कापूस तोच, काटा तोच. लोक म्हणाले, ठीक आहे, कचेरीतल्या कागदावरचं नाव बदलेल. मामा तर खुशीत होते. म्हणाले, "नागपूर लांबच होतं, भोपाळही लांबच आहे. राजधानी लांबच बरी. सासुरवाडीसारखी."

मग एक दिवस आमचे मास्तर मंडीत आले. मास्तर म्हणजे शाळेतले कवायत मास्तर, आमच्या संघाचे चालक. माझा कान पिळणारे नव्हेत, हे दुसरे. हातात पत्र. वऱ्हाडच्या साखळीवाल्यांचं. मास्तरांनी काट्यापाशी उभं राहून वाचलं. फार गोड लिहिलं होतं. इतकी वर्षं तुम्ही आमचे होता, पुढेही मनाने आमचेच राहाल, पण यंदापासून साखळी तिकडच्या राज्यातल्या संघांचीच.

मामांच्या हातात काटा तसाच तरंगत राहिला. शेतकरी म्हणाला, "मामा, वजन पुकारा."

मामा म्हणाले, "कशाचं?"

मास्तर म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. मी खंडव्याला बोललोय. निमाडची साखळी आहे. खंडवा, सनावद, बडवाह. ते आपल्याला घ्यायला तयार आहेत. फक्त तिकडे ते कबड्डी म्हणून दम घेतात. आणि तिकडे संजीवनी नाही."

"नाही म्हणजे?"

"गामिनीचा नियम आहे. गडी मेला की बाहेर. एका बाजूचे सगळे मरेपर्यंत डाव चालतो. मधे कोणी उठत नाही."

मामांनी काटा खाली ठेवला. हमालीच्या तीन वर्षांत मी तो भरदिवसा जमिनीवर टेकलेला पहिल्यांदा पाहिला. "मेला तो मेला?"

"हो."

"ये कोई बात हुई? हा खेळ आहे का प्लेग आहे?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "मामा, वऱ्हाडचं दार बंद झालं. निमाडात गेलो नाही तर खेळायचं कोणाशी? आपल्याआपल्यात?"

तिथे पंचवीस-तीस माणसं जमली होती. त्या सगळ्यांच्या देखत मामांनी सांगितलं. म्हणाले, "जा तुम्ही. साखळी तुम्ही सोडली, मी सोडली नाही. मी वऱ्हाडच्या साखळीचा माणूस. आजपासून मी मलकापूरचा."

आता मलकापूर म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक नाही. मलकापूरने आम्हांला जितकं हरवलं तितकं कोणी हरवलं नव्हतं. मामांनी मलकापूरच्या संघाला ज्या शिव्या दिल्या होत्या त्यांतल्या अर्ध्या मला लिहिता येत नाहीत आणि अर्ध्या लिहू नयेत. घरात मलकापूरचं नाव निघालं की मामी देव्हाऱ्याचं दार लावून घ्यायच्या. आणि हा माणूस म्हणतो मी मलकापूरचा. दुसऱ्या दिवशी गळ्यात लाल रुमाल बांधून आले. मलकापूरचे बनियन लाल. आमचे हळदी रंगाचे. काट्यावर मला म्हणाले, "जरा बाजूला हो, पोतं नीट दिसू दे." भाच्या नाही, काही नाही.

मीही मीच. मी म्हटलं, "तुम्ही मलकापूरचे तर मीही तुमच्या घरचा नाही." तोपर्यंत रविवारी त्यांच्याकडे जेवायचो, ते बंद केलं. आई म्हणाली, "माफी माग." मी म्हटलं, "कशाची? संघ मी सोडला का?" मामी मात्र रोज मागच्या दाराने भाजीची वाटी पाठवायच्या. वाटी मी घ्यायचो. मामींशी माझं भांडण नव्हतं.

निमाडात आमची पार फजिती झाली. पहिला सामना सनावदला. मी सवयीने आत घुसलो, दोघांना घेऊन मेलो, आणि बाहेर येऊन बसलो. बसलो तो बसलोच. इकडे आमचे गडी समोरच्यांना मारताहेत आणि मला कोणी उठवत नाही. मी गवत उपटत बसलो. डाव संपला तेव्हा माझ्यासमोर एवढी हिरवळ साफ झाली होती की सनावदचा एक म्हातारा म्हणाला, "भैया, उधर का भी थोडा साफ कर दो." हरलो.

सोमवारी मंडीत मामा लाल रुमाल फिरवत आले. मला बोलले नाहीत. पण माझ्या शेजारच्या पोत्याला ऐकू जाईल असं बोलले.

"काल मलकापूरला गेलो होतो. काय सामना. पण त्यांच्या एका चढाईवाल्याने नाक कापलं. पहिल्याच दमात मेला, गाढव."

मला राहवलं नाही. मी दुसऱ्या पोत्याला म्हणालो, "मग उठला असेल नंतर. तिकडे उठतात."

मामांचा फिरता रुमाल थांबला. "नाही उठला."

"का?"

"कोणी उठवलाच नाही. बसला गवत उपटत."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, मलकापुरातही माझ्यासारखं कोणीतरी आहे.

दुसरा सामना बडवाहला हरलो. मामा सोमवारी म्हणाले, "मलकापूरच्या त्या गाढवाला कोणी सांगत नाही का? आत शिरण्याआधी उजव्या खांद्याकडे बघतो आणि मग डावीकडे वळतो. दर वेळी. आंधळ्यालाही कळेल." त्याच संध्याकाळी मैदानात दम घेतला आणि माझी मान आपोआप उजव्या खांद्याकडे वळली. मी दचकलो. आठवडाभर हिरामणला समोर उभं करून ती खोड मोडली. त्याला कारण सांगितलं नाही. दुसऱ्याच्या गावच्या गड्याची चूक आपल्यात निघाली हे सांगायला लाज वाटते.

तिसरा सामना खंडव्याचा संघ आमच्याकडे येऊन खेळला. तेव्हाही मामा सकाळीच "मलकापूरला चाललो" म्हणून निघाले. मामींनी भाकरी बांधून दिली. आम्ही हरलो, पण थोडक्यात. सोमवारी मामा म्हणाले, "मलकापूर सुधारलंय. त्या गाढवाने खांदा सोडला. आता फक्त घाई सोडली तर माणसात येईल. मरायची घाई. मेला की परत येणं नाही, एवढं त्याच्या टाळक्यात शिरलं पाहिजे."

हिरामण पाणी पीत होता, तो म्हणाला, "मामा, मलकापूरला तर उठतात ना."

"तू पाणी पी," मामा म्हणाले.

तुम्हांला वाटत असेल हा बुद्धू, याला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. नाही कळलं. भांडणात माणूस ज्याच्याशी भांडतो त्याचं बोलणं ऐकतो, पण तो असं का बोलतो ते बघत नाही. मी रागात होतो आणि राग करायचं काम मी नीट करतो.

मग शेवटचा सामना. परत खंडवा, या वेळी त्यांच्या मैदानावर. मास्तरांनी आदल्या दिवशी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, "तीन सामने गेले. उद्या हरलो तर पुढल्या वर्षी निमाडच्या साखळीत आपलं नाव नाही, तसं त्यांनी कळवलंय. वऱ्हाडचं दार आधीच बंद. मग संघ मोडला समजा. बनियन परत करायला लागतील." हिरामणने आपला हळदी बनियन पोटाशी धरला, जसा कोणी आत्ताच घ्यायला आलाय.

रविवारी सकाळी मी तोंड धूत होतो तेव्हा मामा लाल रुमाल बांधून, काखेत घोंगडी मारून निघाले. मामी म्हणाल्या, "या उन्हात घोंगडी कशाला?"

"मलकापूरला गारठा असतो."

मामींनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि भाकरीची पुरचुंडी हातात दिली.

खंडव्याचं मैदान भरलं होतं. झाडावर माणसं, भिंतीवर माणसं. आमची चाळीसेक माणसं गाडीने आली होती. तीन डाव. पहिला त्यांनी मारला. दुसरा आम्ही मारला, आणि त्यात माझ्या चार चढाया होत्या, चारही वेळा जिवंत परत. खांदा नाही, घाई नाही. तिसऱ्या डावात मात्र जुनं रक्त उसळलं, मी घुसलो आणि मेलो. बाहेर जाऊन बसलो. मरत मरत डाव अशा ठिकाणी आला, की आमचे दोन जिवंत, त्यांचे तीन. आमच्यात एक हिरामण आणि एक पोरगेला गडी. त्यांचा चढाईवाला आला, हिरामणने जमिनीवर लोळण घेऊन त्याचा घोटा धरला, पकड बसली. त्यांचा एक मेला. दोनास दोन.

आणि त्याच वेळी झाडाखालच्या गर्दीतून हाक उठली. सगळ्या निमाडात असा आवाज दुसरा नव्हता.

"उठला! उठला रे उठला!"

काय सांगू. आठ वर्षं त्या हाकेवर मी उठत आलो होतो. कानाने ऐकलं आणि पायाने उडी मारली, मधे डोकं आलंच नाही. मी मांडी थोपटत सरळ मैदानात जाऊन हिरामणच्या शेजारी उभा राहिलो आणि समोरच्यांना म्हणालो, "या."

पंच माझ्याकडे बघताहेत, मी पंचांकडे. हिरामण तोंडातल्या तोंडात म्हणाला, "अरे, तू मेलायस."

मग जे हसू फुटलं. झाडावरचे लोक हसत हसत फांद्या धरून लोंबायला लागले. पंचांनी स्वतःला कसंबसं सावरून शिटी मारली. मेलेला गडी आत आला, दंड म्हणून आमचा एक जिवंत गडी बाहेर, वर आमची चढाईची पाळीही त्यांना. पोरगेला गडी बाहेर गेला. राहिला एकटा हिरामण, समोर दोघे. मास्तर धावत आले, माझ्या मानेला धरून मला ओढत नेलं, खाली बसवलं आणि माझ्या मांडीवर स्वतः बसले. म्हणाले, "आता ऊठ. उठून दाखव."

तिकडे झाडाखाली लोक मागे वळून बघत होते कोण ओरडलं ते. मधोमध घोंगडी पांघरलेला एक मोठ्या पोटाचा माणूस, काड्यांसारखे पाय, गळ्यात लाल रुमाल. खंडव्याच्या एकाने विचारलं, "काका, किसकी तरफ से हो?"

मामा म्हणाले, "मैं मलकापूर का हूँ."

"मलकापूर का तो आज मॅच ही नहीं है."

"पता है," मामा म्हणाले आणि घोंगडी आणखी ओढून घेतली.

हे त्यांच्या चढाईवाल्यानेही ऐकलं. पाळी त्यांची होती. खंडव्याचा सगळ्यात उंच गडी, दुसऱ्या डावात सगळ्यात शेवटी मेलेला. कबड्डी कबड्डी करत आमच्या हद्दीत आला. हिरामण मागे मागे सरकत होता. तेवढ्यात त्या उंच गड्याची नजर माझ्यावर पडली. मी खाली बसलेला, माझ्या मांडीवर मास्तर, मास्तरांच्या तोंडात शिटी, दोन्ही हातांनी माझं डोकं धरलेलं. त्याचं कबड्डी थरथरायला लागलं. क-ब-ड्डी, क-ब... त्याने मान फिरवली तर समोर झाडाखाली घोंगडीवाला मलकापूरकर, श्वास रोखून, लालबुंद, डोळे बाहेर आलेले. तो हिरामणच्या काळजीने श्वास रोखून बसला होता. उंच गडी फस्सकन हसला. आमच्या हद्दीत, भर मैदानात, दम तुटला. पंचांनी हात वर केला. मेला.

एकास एक. आता हिरामणची चढाई. तो बुटका माणूस आयुष्यात कधी धावला नाही इतका धावला. त्यांचा शेवटचा गडी पोट धरून डोळे पुसत होता. हिरामणने त्याच्या पोटाला हात लावला आणि रेघेवर येऊन पालथा पडला. संपलं. आम्ही जिंकलो, साखळीत राहिलो.

पुढे कितीतरी वर्षं मामा सांगायचे की मी मुद्दाम ओरडलो होतो, त्यांना हसवायला. हे साफ खोटं आहे. खरी गोष्ट ही, की मी मुद्दाम धावलो होतो. कोणाला पटत नसेल तर न पटू दे.

त्या दिवशी परतीच्या गाडीत आम्ही एका डब्यात, मामा मागच्या डब्यात. गाडी सुटली तसा मी खिडकीशी बसून विचार करायला लागलो. गवत उपटणारा गाढव. उजवा खांदा. मरायची घाई. सनावद, बडवाह, आमचं घरचं मैदान, आणि सगळीकडे गर्दीच्या पाठीमागे लपलेले मामा. मी एकटाच हसायला लागलो. हिरामण म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "मलकापूरचा तो गाढव मीच आहे." तो म्हणाला, "ते आम्हांला पहिल्या सोमवारीच कळलं."

बऱ्हाणपूरला उतरलो. मामा आमच्यापुढे तीस पावलं. आमचं घर एकच, रस्ता एकच. ते थांबेनात, मी गाठेना. त्यांनी एकदा वळून बघितलं असतं तर मी गाठलं असतं. एकदाही बघितलं नाही. असे आम्ही दोघे शनवाऱ्यापर्यंत आलो. बातमी आमच्या आधी पोचली होती. ओट्याओट्यांवर माणसं बसलेली, आणि कोणी हसत नाही, सगळे गंभीर, जसे काही मामा खरंच मलकापूरहून येताहेत.

मामी दारात उभ्या होत्या. दिवे लागायची वेळ. पाय धुवायला पाण्याची बादली ठेवलेली. मामांनी घोंगडी खुंटीला अडकवली. मी माझ्या खोलीच्या दारात थांबलो. शेजारचे ओटे कान लावून.

मामी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या, "काय हो, कोण जिंकलं मलकापूरला?"

मामांनी एका पायावर पाणी घेतलं. दुसऱ्या पायावर घेतलं. गळ्यातला लाल रुमाल सोडला, त्याने पाय पुसले, पुसून तो तिथेच मोरीच्या कडेला टाकला.

"आपण," म्हणाले.

मामी म्हणाल्या, "आपण म्हणजे कोण?"

"आपण म्हणजे आपण. पान वाढ." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन वाढ. तो मेलेला तिथे दारात उभा आहे, त्याला सांग, हात धुऊन ये."